शत्रूला सासरा करून पाहा

युद्धपटाला आपल्याकडे एक मान असतो. तो पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक छाती पुढे काढून चालतो, रिक्षावाल्याला पत्ता सांगतानाही हुकूम सोडतो. प्रेमाच्या कॉमेडीचं नशीब तसं नाही. तिला ‘टाइमपास’ म्हणायचं, मॅटिनीला पाहायचं आणि समीक्षकाने एक परिच्छेद खर्ची घालून मोकळं व्हायचं. ही वाटणी साफ उलटी आहे, असं माझं नम्र पण ठाम मत आहे. युद्ध म्हणजे काय, हे आपल्या युद्धपटांपेक्षा आपल्या प्रेमपटांना जास्त कळतं. युद्धाला दोन बाजू लागतात, आणि युद्धपटवाल्यांनी दुसऱ्या बाजूचं खातंच उघडलेलं नाही.

उदाहरण घ्यायचं तर तालेवार घ्यावं, म्हणून ‘बॉर्डर’ घेऊ. जे. पी. दत्तांच्या या १९९७ च्या चित्रपटात रणगाडे रणगाड्यांसारखे दिसतात, ही आपल्याकडे लहान गोष्ट नव्हे. विषय लोंगेवालाचा. ४ डिसेंबर १९७१ ची रात्र, राजस्थानच्या वाळूत मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांची सुमारे १२० जवानांची कंपनी आणि चालून आलेले पाकिस्तानचे चाळीसेक रणगाडे. प्रत्यक्षातली लढाई कुठल्याही पटकथेला लाजवील अशी होती. चौकीपुढची काटेरी तार पाहून, इथे सुरुंग पेरलेले असणार, या समजुतीने रणगाडे थबकले आणि मोलाचा वेळ गेला. काही भुसभुशीत वाळूत रुतून बसले. डोक्यावर स्वतःच्या विमानांचं छत्र नव्हतं. आपल्या हंटर विमानांकडेही रात्री लढायची सोय नव्हती, म्हणून चौकीने उजाडेपर्यंत दम धरला, आणि सकाळी जैसलमेरहून आलेल्या हंटरांनी उघड्यावर सापडलेले रणगाडे एकेक करून टिपले. विमानांवाचून रणगाडे वाळवंटात धाडायचा बेत कोणी, कोणत्या खोलीत, चहाच्या कितव्या कपाला पक्का केला? तिथे बसलेल्यांपैकी एखादा चुळबुळला असेल का? चित्रपटाला याच्याशी कर्तव्य नाही. पडद्यावरचा शत्रू येतो, ओरडतो, सनी देओलच्या आवाजाने निम्मा खचतो आणि उरलेला बॉम्बने मरतो. समोरचा इतका कच्चा असेल, तर चांदपुरींना महावीरचक्र दिलं ते कशाबद्दल?

शत्रू असा पोकळ ठेवला की नाट्य कुठून आणायचं हा प्रश्न उरतोच. मग ते आपल्याच माणसांच्या मरणातून आणावं लागतं. सुनील शेट्टीने रंगवलेले सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग पडद्यावर हुतात्मा होतात. खरे भैरोसिंग राठोड त्या लढाईतून धडधाकट परतले होते, त्यांना सेना पदक मिळालं होतं, आणि त्यांचं निधन झालं ते २०२२ च्या डिसेंबरात. रणगाड्यांच्या ताफ्याला जे साधलं नाही ते पटकथेने साधलं, आणि तो भला माणूस पुढची पंचवीस वर्षं स्वतःच्या हौतात्म्यानंतरचं आयुष्य जगला.

आता ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’. मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात १९९५ पासून मुक्कामाला असलेला हा चित्रपट बहुतेकांच्या लेखी युरोपची सहल आणि मोहरीची शेतं एवढाच आहे. पण तो सुरू कसा होतो? नायक नाही, नायिका नाही. लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात कबुतरांना दाणे टाकत पंजाबची आठवण काढणारा नायिकेचा बाप, बलदेवसिंग. ज्याला पुढे हरवायचं आहे, त्या माणसाला आदित्य चोप्रांनी सलामीचं दृश्य बहाल केलं आहे. दुकान सांभाळून परक्या देशात दिवस काढलेला हा बाप का कडक आहे, त्याला कशाची भीती आहे, हे आपल्याला नायकाच्या आधी कळतं. आणि पुढची मोहीम पाहा. नायक राज शत्रूच्या गोटात शिरतो तो नवऱ्या मुलाचा दोस्त बनून. याला गनिमी कावा नाही तर काय म्हणायचं? तो आधी स्वयंपाकघर जिंकतो, मग आजी, आणि एका सकाळी बलदेवसिंगाशेजारी उभा राहून कबुतरांना दाणे टाकतो. मुलीची आई दागिने हातावर ठेवून ‘पळून जा’ म्हणते, तेव्हा तो नकार देतो. का? बापाने स्वतः मुलीचा हात सोडायला हवा. युद्धाचा हेतू काय आणि ते कुठे थांबवायचं, याचा इतका स्पष्ट विचार केलेला सेनापती आपल्या कुठल्या युद्धपटात आहे ते दाखवा.

यावर लगेच कुलजीतकडे बोट दाखवलं जाईल, आणि ते रास्तच आहे. नायिका सिमरनचा हा नियोजित वर म्हणजे बंदूक आणि मिशा. त्याला माणूसपणाचा अंशही दिलेला नाही, आणि शेवटी रेल्वे स्टेशनवर जी मारामारी होते ती सरळसरळ युद्धपटातून उचललेली आहे. कबूल. पण त्यातून माझंच म्हणणं पुढे सरकतं: चित्रपटाचा तेवढाच भाग रद्दड आहे. शिवाय या प्रकाराला खलनायकाची गरजच नाही, हे मराठीत सतीश राजवाडेंनी २०१० साली ‘मुंबई-पुणे-मुंबई’त दाखवून दिलं. मुंबईची मुलगी स्थळाला नकार द्यायला पुण्यात येते, दिवसभर एका अनोळखी पुणेकराशी हुज्जत घालते, आणि संध्याकाळी कळतं की तो अनोळखी म्हणजेच ते स्थळ. मुंबई आणि पुण्याचं हे सरहद्दीचं भांडण दोन पिढ्या चालेल एवढा दारूगोळा दोन्हीकडे आहे. चित्रपट ते एका दिवसात मिटवतो, कारण दोघांनाही शेवटपर्यंत बोलू देतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सासरा हा सासरा असतो, तो गोळ्या झाडत नाही. ज्याने आपली माणसं मारली त्याला कबुतरं कसली देता? हे बोलणाऱ्याच्या भावनेची थट्टा करायचं कारण नाही. पण इवो जिमाच्या बेटावर अमेरिकेचे जवळजवळ सात हजार सैनिक मेले, आणि तरीही क्लिंट ईस्टवूड या अमेरिकन दिग्दर्शकाने २००६ साली त्याच लढाईवर ‘लेटर्स फ्रॉम इवो जिमा’ काढला तो जपान्यांच्या बाजूने, जपानी भाषेत. त्याने अमेरिका लढाई हरली नाही. ‘आपल्या प्रेक्षकाला हे झेपत नाही’ असं निर्माते म्हणतात, तर ‘राझी’चं काय? मेघना गुलजार यांच्या २०१८ च्या त्या चित्रपटात भारतीय हेर पाकिस्तानी लष्करी घराण्यात सून म्हणून जाते, आणि तिथली माणसं चांगली निघतात. चित्रपट धो धो चालला. शत्रूला सासर मिळालं आणि आपोआप त्याला चेहरा आला. त्यातला सरळमार्गी पाकिस्तानी अधिकारी विकी कौशलने केला होता. वर्ष उलटायच्या आत ‘उरी’त तोच भारतीय मेजर होऊन सीमेपलीकडे घुसला, आणि प्रेक्षकांनी दोन्ही वेळा त्याला जीव लावला. न झेपणारं यात काय होतं?

हे सगळं पटलं नाही तरी निर्मात्यांनी किमान धंदा म्हणून एका कथानकाकडे बघावं. लोंगेवालाची गोष्ट वाळवंटात संपली नाही. १९७२ च्या जूनअखेरीस पाकिस्तानचे भुत्तो बोलणी करायला सिमल्याला आले, सोबत एकोणीस वर्षांची लेक बेनझीर. ९३ हजार युद्धकैदी भारताच्या ताब्यात. थंड हवेचं ठिकाण, हट्टी पाहुणा, त्याहून हट्टी यजमानीणबाई, बोलणी फिसकटली म्हणून सामानाची बांधाबांध, आणि अगदी शेवटच्या रात्री करारावर सह्या. मुलीसकट आलेला बाप, बैठकीतली देवाणघेवाण, ऐनवेळी जमलेलं सूत: बलदेवसिंगापासूनचा सगळा अनुभव इथे कामी येईल. अडचण एवढीच, की यात सनी देओलला ओरडायला कुठेच जागा नाही. इंदिराबाईंच्या बैठकीत तर नाहीच नाही.