आकडे जुळले, पाणी बिघडले

हायड्रोजन अधिक ऑक्सिजन बरोबर पाणी, असे फळ्यावर लिहून ‘समीकरण संतुलित करा’ म्हटले की वर्गातली चलाख मुले हमखास एकच उद्योग करतात. डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन, उजवीकडे एक. मग पाण्याच्या सूत्रात ‘ओ’च्या पायाशी हळूच एक ‘दोन’ बसवायचा. हिशेब चोख! फक्त पिण्याच्या पाण्याचे आता केस भुरे करणारे हायड्रोजन पेरॉक्साइड झालेले असते. बाई लाल फुली मारतात आणि फर्मान काढतात: खालच्या आकड्याला हात लावायचा नाही, आकडा पुढे लिहायचा. का, ते फळ्यावर कुठेच नसते. माझ्या मते यात मुलाचा दोष नाही. आपण त्याला आकडे जुळवायला सांगितले. त्याने कमीत कमी खर्चात जुळवून दिले.

मुळात जुळलेल्या आकड्यांचे एवढे कौतुक नको. तांबे अधिक हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन रेणू, बरोबर कॉपर क्लोराइड अधिक हायड्रोजन. कितीही तपासा, एक अणू इकडचा तिकडे सापडणार नाही. प्रत्यक्षात विरल आम्लात तांब्याचा तुकडा टाकला तर हायड्रोजनचा एक बुडबुडाही येत नाही. पावती आहे, शिक्का आहे, माल मात्र आलेलाच नाही. म्हणून आधी तराजू हवा, मग समीकरण. लाव्हाझिए हा फ्रान्सच्या राजासाठी कर वसूल करणाऱ्या मंडळीतला भागीदार. जमा-खर्च ताडून पाहण्याची खोड त्याने प्रयोगशाळेतही सोडली नाही. धातू जाळल्यावर वजन वाढते हे आधीपासून माहीत होते. पण जळताना फ्लॉजिस्टॉन बाहेर पडते असे मानणाऱ्यांपैकी काहींनी अडचण टाळायला त्या फ्लॉजिस्टॉनला चक्क उणे वजन बहाल केले! (खाली दोन लिहिणारे मूल यापेक्षा बरेच प्रामाणिक.) लाव्हाझिएने भांडे बंद करून तोलले आणि वाढलेले वजन हवेतून आल्याचे दाखवले. १७९४ साली गिलोटिनखाली त्याचे डोके गेले, तेही करवसुलीपायी. रसायनशास्त्राने त्याचे काही वाकडे केले नव्हते.

तराजूने खालच्या आकड्याचे कोडेही सुटते. पाणी होताना २ ग्रॅम हायड्रोजनला १६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि १८ ग्रॅम पाणी मिळते. ‘ओ’खाली दोन लिहिणाऱ्याने ३२ ग्रॅम आणून दाखवावेत. यावर शिक्षक म्हणतील, तराजूला वेळ कुठे आहे, आणि परीक्षेत तर समीकरणच येते. परीक्षेचे खरे आहे. पण शंकुपात्रात कॅल्शियम क्लोराइडचे संहत द्रावण, आत दोऱ्याने लटकवलेल्या नळीत सोडियम सल्फेटचे, वर घट्ट बूच. पात्र तिरपे केले की पांढरा साका दिसतो आणि काटा जागचा हलत नाही. एवढ्याला एक तासिका पुरते. फर्मान पाठ करून घ्यायला त्याहून जास्त तासिका जातात, आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा काढावे लागते. तेव्हा बाई, तराजू येईपर्यंत त्या पेरॉक्साइडवाल्याला निदान अर्धा गुण तरी द्या.