निळ्या गेटवाल्यांची गाडी

अहो, ऐकलंत का? जरा पुढे या की. लांबून ओरडून सांगण्यातलं नाही हे. आणि आवाज हळू, मावशी आत्ताच अंघोळ करून देवापाशी बसल्यात, त्यांचे कान मोठे तिखट.

निळ्या गेटवाल्यांच्या गाडीच्या हॉर्नचं कोडं सुटलं! तोच हो, पहिला पाऊस झाल्यापासून रात्री-अपरात्री आपोआप वाजायचा. आमचे हे तर काठी घेऊन बाहेर धावले होते, चोर आला म्हणून. चोर कुठला! गाडीत माणूस नाही, किल्ली घरात खुंटीला, आणि गाडी आपली बोंब ठोकतेय. वर वायपरही सुरू, कोरड्या ठणठणीत काचेवर खरड-खरड. मावशी जपमाळ घेऊन दारात उभ्या. त्यांना वाटलं, बाहेरची बाधा. दुसऱ्या दिवशी बंपरला लिंबू-मिरच्या लटकल्या ना, त्या त्याच्याच.

बाधा कसली, पाणी! पण थांबा, मुळापासून सांगते, नाहीतर मजा नाही.

थोरल्याला चारचाकी हवी होती हे तर गल्लीला पाठ आहे. नवी परवडेना. सेकंडहँड घ्यायची, तर आपल्या साताऱ्यात जुन्या गाड्या विकणारे काय कमी आहेत? पण मावशींचा हेका, "डीलर म्हणजे लबाड. घरगुती माणसाकडूनच घ्यायची, एकहाती वापरलेली." मग मोबाइलवर जाहिरात सापडली. पुण्याची गाडी, सिंहगड रोडची. रिटायर्ड साहेब, पहिलेच मालक, बेचाळीस हजार किलोमीटर, तीन लाख चाळीस हजार रुपये. सिंहगड रोड म्हटल्यावर माझ्या डोक्यात काहीतरी खट्कन वाजलं होतं, खोटं नाही सांगत. पण मला कोण विचारतंय!

गेली सगळी वरात पुण्याला. मावशी, काका, थोरला, सून. फिटर नेला का? नाही. आपला नाक्यावरचा फिटर तयार होता हो, दिवसाची रोजी आणि जेवण द्या म्हणाला. तर काका म्हणाले, "कशाला? थोरल्याला कळतं की गाड्यांतलं." काय कळतं? गाडीत गाणी कुठून लावायची ते कळतं.

आणि तिथे जाऊन यांनी गाडी बघितली म्हणता? यांनी घर बघितलं! सूनच सांगत होती मला, गिरणीत दळणाला नंबर लावला होता तेव्हा. देव्हारा केवढा, साहेब रोज ज्ञानेश्वरी वाचतात, मुलगा अमेरिकेत, सरबत स्वतःच्या हाताने आणून दिलं. सोयरीक जमवायला गेल्यासारखं झालं बघा, माणसं आवडली आणि मुलगा बघायचाच राहिला. साहेबांच्या मिसेसनी थालीपीठं लावली, वर हा एवढा लोण्याचा गोळा. लोण्याच्या गोळ्यापुढे इंजिन कोण बघतंय! बोनेट उघडलं होतं म्हणे. फोटो काढायला.

त्या मिसेस मात्र फारशा बोलत नव्हत्या. वाढायच्या आणि आत जायच्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

थोरल्याने अ‍ॅपवर नंबर घालून बघितला. मालक एकच, बँकेचा बोजा नाही, इन्शुरन्स चालू. "सगळं क्लिअर आहे, आई!" अहो, पण अ‍ॅपला कागद दिसतात, गाडीच्या पोटात काय गेलंय ते कुठून दिसणार? आणि गाडीत मोगऱ्याच्या वासाच्या दोन-दोन डब्या, चारी काचा खाली. सून म्हणाली, जरा एसी लावून दाखवा. तर साहेब म्हणतात, "पुण्याची हवा किती छान आहे, एसी कशाला हवा!" मे महिन्यात हो! भर दुपारी! आणि हे चौघं मान डोलावतायत.

तर काय सांगत होते... हां, पैसे दिले, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, निघाले. खंबाटकीचा चढ लागला आणि सुनेला जे मळमळायला लागलं! काच खाली केली तरी तेच, गाडी थांबवावी लागली. आता मावशींचं डोकं कुठे जाणार? घरी आल्याबरोबर अर्धा किलो कंदी पेढे आले. तुम्हाला गाडीचे म्हणून दिले ना? मला पण दोन दिले, आणि दुसरा देताना कानात म्हणाल्या, "एक गाडीचा, एक कशाचा ते नंतर सांगते." सून मागे उभी. तिचा चेहरा बघवत नव्हता. बिचारी सारखी सांगत होती, आई, तसलं काही नाहीये, गाडीलाच कुबट वास येतोय. पण ऐकतं कोण! काका फक्त हळूच पुटपुटले, "चढाला काटा लाल झाला होता." त्यांनाही गप्प बसवलं.

पुढे पाऊस सुरू झाला आणि हॉर्न. मग एक दिवस दारं आपोआप लॉक, थोरला आत, घामाघूम. तेव्हा कुठे नाक्यावरच्या फिटरला बोलावलं.

मी आपली कढीपत्ता तोडायला कुंपणापाशी गेले होते, म्हणून दिसलं हो. नाहीतर मला काय पडलंय...

फिटरने काही उघडलंच नाही आधी. सरळ पुढच्या सीटचा पट्टा धरला आणि ओढत गेला, ओढत गेला, पार शेवटपर्यंत. आपण कधी ओढतो का तेवढा? वरचा पट्टा काळा कुळकुळीत. आणि आतलं टोक आलं ते मातकट, मध्ये सरळ रेघ! फिटर काही बोलला नाही. पट्टा हातात धरून नुसता काकांकडे बघत राहिला. मग सीट मागे सरकवली, तर खालच्या पट्ट्या गंजून तांबड्या. कार्पेट मात्र नवंकोरं. "सात-आठ वर्षांच्या गाडीला नवं कार्पेट कोण टाकतं, काका?" असं विचारलं त्याने. फ्यूजच्या डबीत हिरवट बुरशीसारखं काहीतरी. हॉर्न नि वायपर आपोआप का, तर वायरींचे सांधे आतून कुजलेले, दमट हवा लागली की नको तिथे करंट जातो. मीटरसुद्धा बदललेलं, म्हणजे ते बेचाळीस हजार नव्या मीटरचं, गाडीचं किती ते देवाला ठाऊक. पेडलचं रबर पार गुळगुळीत झालेलं, ते काय बेचाळीस हजारांत होतं? शेवटी डिकीतली स्टेपनी उचलली. खाली वाळलेला गाळ आणि गोगलगाईचा शंख! एवढासा, पांढरा.

"नदीचं पाणी आहे," फिटर म्हणाला. काका तिथेच पालथ्या बादलीवर बसले.

आणि मग माझ्या डोक्यातलं ते खट्कन वाजलेलं उघडलं! अहो, २५ जुलै २०२४! खडकवासल्यातून पाणी सोडलं, मुठेला पूर आला, एकतानगरीत पहाटे लोक उठले तर पार्किंगमध्ये पाणी. लष्कराला बोलावलं होतं, आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं नाही का? तो सिंहगड रोड हो! मी कुंपणावरूनच म्हटलं. म्हटलं म्हणजे, जरा मोठ्याने म्हटलं. मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू धरणाचे दरवाजे मीच उघडले.

मग फोन. थोरल्याने स्पीकरवर टाकला, मूर्खच तो, पण त्याच्या मूर्खपणानेच वाचले. साहेबांचा आवाज अगदी गोड. "अहो, आम्ही वापरत होतो तोवर काही नव्हतं. आणि तुम्ही बघूनच घेतलीत ना? आपण घरगुती माणसं." थोरला म्हणतोय पुराचं, साहेब म्हणतायत कसला पूर, आमची गाडी गावाला होती तेव्हा. आणि तेवढ्यात मागून बाईमाणसाचा आवाज. स्पष्ट! "अहो, म्हणजे तुम्ही यांना सांगितलंच नव्हतंत? मी म्हटलं होतं ना, सांगून कमी पैशांत द्या म्हणून!"

शांतता. अंगणात फिटर, काका, मावशी, सून, आणि हातात कढीपत्ता घेऊन मी. कोणी श्वास घेईना.

आणि बाई थांबायला तयार नाहीत. "तेव्हाही म्हटलं होतं, पाण्यातल्या गाडीला सेल्फ मारू नका. ऐकलं का? इंजिनात पाणी ओढलं, रॉड वाकला, आणि इन्शुरन्सवाले म्हणाले इंजिनाचे मिळणार नाहीत..." मग फोन कट. बघा, हे आमच्या ह्यांनाही माहीत नव्हतं. पाण्यात उभ्या गाडीला सेल्फ मारलात तर साध्या पॉलिसीत इंजिनाचे पैसे बहुतेक हातचे जातात, इंजिनाचं कव्हर वेगळा हप्ता भरून घ्यावं लागतं. साहेबांनी ते इंजिन स्वतःच्या खिशातून करून घेतलं असणार, आणि तो खड्डा भरायला... असो.

संध्याकाळी आपल्या वकीलबाईंना बोलावलं. मावशी तावातावाने म्हणतायत, ग्राहक कोर्टात खेचते त्याला. वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, ग्राहक आयोग धंदा करणाऱ्यांविरुद्धच्या तक्रारींसाठी. डीलरकडून घेतली असतीत तर तक्रार लागली असती. हे साहेब एकदाच स्वतःची गाडी विकणारे, हे व्यापारी नव्हेत." मावशींचं तोंड! डीलर लबाड म्हणून ज्याला टाळलं, त्याच्यावरच कायद्याचा हात पोचत होता. मग वकीलबाईंनी करार कायद्याचं सांगितलं, १८७२ चा आहे म्हणे, त्यात माहीत असून दोष झाकून ठेवणं ही फसवणूकच. नवं कार्पेट टाकलं म्हणजे नुसतं गप्प बसले नाहीत, झाकलं. पण दिवाणी दावा, किती वर्षं चालेल सांगता येत नाही, आणि पहिला प्रश्न हाच येणार, की मेकॅनिक का नेला नाहीत? काका छताकडे बघायला लागले.

मग वकीलबाईंनी विचारलं, गाडी नावावर झाली का? थोरला गप्प. फ्रिजवरून पिशवी काढली, त्यात ते २९ आणि ३० जसेच्या तसे, वर लोणच्याचा डाग! आरटीओत दिलेच नव्हते. वकीलबाईंनी त्याला असा झापला! तीस दिवसांत खरेदीदाराने कळवायचं असतं, इन्शुरन्सही अजून साहेबांच्याच नावावर, कुठे ठोकली असतीस तर दुरुस्तीचा एक पैसा पदरात पडला नसता. झापून झालं आणि मग त्या हसल्या. म्हणाल्या, "पण साहेबांनीही चौदा दिवसांत कळवायला हवं होतं, तेही विसरले. म्हणजे सरकारदरबारी गाडी त्यांचीच. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली सांगितलंय, रेकॉर्डवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. लावा फोन."

या खेपेला साहेबांचा आवाज अगदी वेगळा. कारण नियम मोडल्याच्या चलानाचा मेसेजही त्यांच्याच मोबाइलवर गेला होता, थोरल्याने हायवेला वेग वाढवला होता त्याचा. गाडी परत घ्यायला तयार होईनात, पैसे मोडलेत म्हणे. शेवटी एक लाख दहा हजार परत द्यायचं ठरलं, आणि गाडी लगेच नावावर करून घ्यायची. माझ्या मते मावशींनी घाई केली. वकीलबाई अजून ताणायला तयार होत्या. पण साहेबांच्या मिसेसनी स्वतः फोन केला, रडल्या, आणि मावशी विरघळल्या.

पैसे आले हो, खरंच आले. पण गाडीचं काय? फिटर म्हणाला, सगळी वायरिंग बदला, नाहीतर हे असंच. त्याचा खर्च ऐकून गाडीवर कव्हर घातलं, ते तुम्हाला दिसतंच आहे. आणि आता खरी गंमत ऐका. मावशींनी जाहिरात द्यायला लावली. "घरगुती वापर." सून म्हणाली, मी नाही लिहिणार. तर धाकट्याकडून लिहून घेतली!

रविवारी वाईहून माणसं आली बघायला. नवराबायको आणि बाईंची आई. गाडी धुतलेली, काचा खाली, आणि मोगऱ्याची नवी डबी, मी स्वतः बघितली. वर मावशींनी काय करावं? थालीपीठं! लोण्यासकट! सून दाराआड उभी, ओठ घट्ट मिटून. ती बाई गाडीत बसली, आरशात बघितलं, आणि सीटबेल्ट धरला. आणि ओढत गेली... ओढत गेली... पार शेवटपर्यंत. मावशींच्या हातात ताट. बाईंची आई म्हणाली, "स्टेपनीखालचं पण दाखवता का जरा?" मावशींचा चेहरा म्हणजे... पांढरा, मग लाल. ती माणसं थालीपीठाला हातसुद्धा न लावता निघून गेली.

आता मावशी घरोघर चौकशी करतायत, त्यांना सांगितलं कोणी? मी काय सांगणार! वाईला माझी मावसबहीण असते, तिला मी फोन करते, ते काय आजचं आहे? ती आणि त्या बाईंची आई एकाच भजनी मंडळात, आता त्याला मी काय करू!

उरलेली थालीपीठं मावशींनी आमच्याकडेच पाठवून दिली. खमंग झाली होती हो, खोटं कशाला बोलू.