व्हिसामार्तंड

मनमाड जंक्शनवर उतरणाऱ्या प्रवाशाला मनमाडास यावयाचे नसते, केवळ गाडी बदलावयाची असते, हे सत्य पार्सल कचेरीत बसून तीस वर्षे पचवलेल्या तात्यांनी सेवानिवृत्तीनंतर परदेशगमनेच्छूंना मार्गस्थ करण्याचे व्रत घेतले, यात नवल ते काय! गावात कोणाला परदेशीचा योग आला, की पेढ्यांचा पहिला पुडा देवापुढे आणि दुसरा तात्यांपुढे जातो. देवाचा आशीर्वाद अर्जावाचून मिळतो, तात्यांचा मात्र दस्तऐवजांची खातरजमा झाल्यावाचून मिळत नाही.

ओट्यावरच्या आरामखुर्चीत बसून ते गुरुजींनी पत्रिका पाहावी तशा गांभीर्याने पासपोर्टाचे आयुर्मान पाहतात. शेंगेन मुलखातून पाय काढल्यावरही तो तीन महिने हयात हवा, त्यात दोन पाने कोरी हवीत, फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा हवा. अमेरिकेसाठी तोच चेहरा दोन इंचांच्या चौरसात आणि चष्म्यावाचून बसवावा लागतो, हा तपशील त्यांना मुखोद्गत आहे. मधुचंद्रास युरोपला निघालेले एक दांपत्य पाया पडावयास आले, तेव्हा ''विमा किमान ३०,००० युरोंचा घ्या, आणि त्यात मृतदेह स्वदेशी आणण्याचा खर्च धरला आहे ना, तेवढे बघा,'' असा आशीर्वाद तात्यांनी दिला. नववधूच्या सासूबाई महिनाभर त्या ओट्यावरून गेल्या नाहीत.

सामानाची झडती हा त्यांचा खास प्रांत. दुबईस निघालेल्या एका माउलीच्या डब्यातील अनारसे त्यांनी एकेक उलटून पाहिले आणि खसखशीवर बोट ठेवले. ती तिकडे अमली पदार्थांत मोडते.

''अहो तात्या, दिवाळीचा फराळ आहे हो हा!''

''वहिनी, कस्टमवाल्याला दिवाळी नसते, कलम असते.''

गोटा खोबरे हा आपोआप पेट घेणारा पदार्थ म्हणून विमानात वर्ज्य आहे, हेही त्यांनी जाता जाता ऐकवले आणि त्या माउलीच्या मसाल्याच्या डब्याची रया घालवली.

मात्र या साऱ्या विद्येचे सार तात्यांच्या मते एकाच प्रश्नात आहे : अर्जदार परत येणार कशावरून? सबब सातबारा, घरपट्टीची पावती, पेन्शनचा दाखला, बँकेचा सहा महिन्यांचा उतारा, असा पुरावा रचावा लागतो. नळाच्या पाण्याची पंधरा-पंधरा दिवस वाट पाहिलेला मनमाडकर परत का येतो, याचा लेखी पुरावा मात्र त्यांनाही अद्याप गवसलेला नाही.

अखेर लेकीकडे अमेरिकेस जाण्याचा योग खुद्द तात्यांनाच आला. पार्सलाच्या सवयीने फाईल काट्यावर घातली, ती अडीच किलो भरली. ती छातीशी धरून ते पहाटेच्या पंचवटीने मुंबईस गेले आणि त्याच गाडीने रात्री परतले, ते सुतकी चेहऱ्याने.

''नामंजूर?'' मी हळूच विचारले.

''मंजूर!'' तात्या विषण्णपणे म्हणाले. ''कुठे जाता, परत कधी येता, एवढेच विचारले. फाईल उघडलीसुद्धा नाही हो!''

परंतु व्हिसा हातात असला तरी किती दिवस राहू द्यावयाचे, हे तिकडच्या विमानतळावरील अधिकारी ठरवतो, ही गोष्ट तात्यांना दुसऱ्या दिवशी आठवली आणि त्यांच्या मुद्रेवर तेज परतले. आता ती फाईल हातसामानात निघाली आहे. लेकीसाठीचे लाडू तिच्यापायी मागे राहिले, याची मात्र काकूंना अजून खबर नाही.