शंभर टक्के हमीवाल्या संचालकांना राणीसावरगावातून पत्र

मा. संचालकसाहेब,


आपलं गुळगुळीत पत्रक राणीसावरगावच्या बाजारातून भाजीच्या पिशवीत बसून आमच्या घरी आलं. ‘सहा महिन्यांत इंटरनॅशनल वेल्डर, १०० टक्के नोकरीची हमी!’ संस्थेचं नाव इथं घालत नाही. एकाचं घेतलं तर बाकीचे रुसतील.

आमच्या थोरल्या बंधूंना पोरासाठी हे पत्रक फार पसंत पडलं. फी कळल्यावर तर त्यांचा विश्वास दुणावला. दोन एकरांतली सोयाबीन जाईल एवढे पैसे घेतात म्हणजे शिकवतही तसंच असणार, असा त्यांचा हिशेब. गंगाखेडच्या सरकारी आयटीआयचं नाव काढलं की म्हणतात, “एवढ्याशा पैशात काय शिकवतील?”

साहेब, सरकारनं आपल्या धंद्यात माती कालवली आहे, ती १९५० पासून. त्या वर्षी कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि आज राज्यात चारशेवर सरकारी आयटीआय आहेत. वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा, आणि त्याला दहावी नापास लेकरूही चालतं! फिटर, टर्नर, मशिनिस्ट दोन-दोन वर्षांचे. अभ्यासक्रमात वर्षाला १२०० तास, त्यातले ८४० नुसत्या प्रात्यक्षिकाचे. एसीत बसवून लेकराला स्लाइड दाखवायच्या सोडून हातात कानस देतात. फिटरचं पोरगं सुरुवातीला लोखंडाचा एकच तुकडा घासत राहतं. गुण्या लावायचा, मधून उजेड दिसतो का बघायचं, दिसला की पुन्हा घासायचं. तळहाताला फोड येतात. टाय नाही, ब्लेझर नाही, बापाला फोटो काय दाखवायचा?

बरं, एवढ्यावर भागत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामुळं कारखान्यात अप्रेंटिस लागलेल्या पोराला विद्यावेतन द्यावं लागतं. शिकणाऱ्यालाच पैसे! आपल्या शास्त्रात हे बसतच नसेल. दोन वर्षांचा ट्रेड करून पुढं शिकावंसं वाटलं तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाटही उघडी. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे. दहावीनंतर चार वर्षं टूल अँड डाय मेकिंगची पदविका. तिथं आयटीआयपेक्षा फी जास्त पडते, पण डाय बनवणाऱ्या हाताला वाळूज-चाकणला काय भाव असतो ते आपल्याला मी काय सांगावं. आपण ‘इंटरनॅशनल’ आहात.

मात्र सरकारी आयटीआय म्हणजे पंढरी नव्हे. कुठं निदेशकाची जागा रिकामी, कुठं लेथ आजोबांच्या वयाची, कुठं एका सीएनसीभोवती पोरांचं रिंगण. फी कमी म्हणून डोळे झाकून जाणं हा बंधूंचाच हिशेब, फक्त उलटा मांडलेला. म्हणून तिथल्या निदेशकांना विचारणार आहे तेच आपल्यालाही विचारतो.

एका लेकराला दिवसाला वेल्डिंगच्या कांड्या किती जाळायला मिळतात? वेल्डर हाताच्या सरावानं तयार होतो, आणि कांडी फुकट येत नाही. हमी स्वस्त पडते. लाइट गेल्यावर वर्कशॉप चालतं की पोरं झाडाखाली बसतात? मिग आणि टिगची मशीनं पत्रकातल्या फोटोत आहेत, ती शेडमध्येही आहेत का? डीजीटीची, म्हणजे केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची संलग्नता आहे का, आणि कोणत्या ट्रेडला? आपल्या प्रमाणपत्रावरची सोनेरी मोहोर झकास आहे, पण रेल्वेतल्या टेक्निशियनचा फॉर्म भरताना ती कोणी विचारत नाही, एनसीव्हीटीसारखं सरकारमान्य आयटीआय प्रमाणपत्र मागतात. गेल्या वर्षी बाहेर पडलेली पोरं कोणत्या कारखान्यात आहेत? परळीच्या थर्मलला, इथल्या साखर कारखान्यात वेल्डर-फिटर लागतातच. तिथं आपला एखादा विद्यार्थी असेल तर आम्ही स्वतः जाऊन त्याचं काम बघू. शिवण बघितली की हात कळतो.

हमीचं म्हणाल तर ती स्टॅम्प पेपरवर द्यावी: नोकरी न लागल्यास फी परत, अमुक तारखेपर्यंत. बंधू तयार आहेत. आयटीआयचा ऑनलाइन फॉर्म आम्ही भरून ठेवतोय, पसंतीक्रमात वेल्डर आणि फिटर दोन्ही टाकून. प्रवेशाची यादी लागायच्या आत आपलं उत्तर यावं.

कळावे. लोभ आहेच, तो थोडा कमी व्हावा ही विनंती.

आपला,
एका होऊ घातलेल्या वेल्डरचा चुलता
राणीसावरगाव, ता. गंगाखेड, जि. परभणी