सीलबंद हजार किलोमीटर

अमरावतीहून अकोल्याला जाणारा रस्ता गिनीज बुकात आहे, हे अमरावतीकराला विचारावं लागत नाही. तो आपणहून सांगतो. लोणी ते माना, पंचाहत्तर किलोमीटर लांबीची एक लेन, ३ जून २०२२ च्या सकाळी घालायला सुरुवात झाली आणि ७ जूनच्या संध्याकाळी काम संपलं. १०५ तास ३३ मिनिटं, माणसं ७२०. आधीचा विक्रम कतारचा होता, पंचवीस किलोमीटर आणि वर थोडं. त्याला दहा दिवस लागले होते. हाच रस्ता त्याआधी किती वर्षं रखडला होता, तो विक्रम मात्र कुणी नोंदवून घेतला नाही. आमच्या वऱ्हाडातलं काम एक तर वर्षानुवर्षं होत नाही, नाही तर पाच दिवसांत जग जिंकतं. मधला गिअर आम्हाला बसवलेलाच नाही.

या विक्रमी रस्त्यानं आम्ही निघालो होतो सौ.च्या भाचीच्या साक्षगंधाला. गाडी दोन वर्षांची. मागच्या सीटवरचं प्लास्टिक सौ.नं अजून काढू दिलेलं नाही. एवढ्या नव्या गाडीचं इंजिन तेल पितं, हा शोध काकाजींचा. काकाजी म्हणजे माझे चुलते, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. कुणाचं तरी बॉनेट उघडल्याशिवाय त्यांची सकाळ अजून उजाडत नाही. एकदा त्यांनी आमच्या गाडीची डिपस्टिक उपसली, फडक्यानं पुसली, परत खुपसली, परत उपसली, उन्हात धरली आणि म्हणाले, "बाबू, इच्यात तेलच नाई बे!"

तेल होतं, पण काडीच्या पार टोकाला, ओशाळल्यासारखं.

वर्कशॉपात गेलो. तिथं एसी होता, कॉफीचं मशीन होतं आणि टाय लावलेला एक मुलगा होता. त्याच्या नखात ग्रीसचा कण नव्हता. त्यानं संगणकात पाहिलं, गाडीकडे पाहिलं नाही, आणि म्हणाला, "सर, नॉर्मल आहे. हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत कन्झम्प्शन पुस्तिकेत दिलंय."

मी पुस्तिका घरी आणून वाचली. गाडीची पुस्तिका सबंध वाचणारा मी आमच्या कॉलनीतला पहिलाच असेन. हजाराला अर्धा लिटर, हे बरोबर होतं. पण त्याच पुस्तिकेत सर्व्हिसिंग दहा हजार किलोमीटरला सांगितलं होतं, आणि इंजिनात मावणारं तेल होतं साडेतीन लिटर. आता गणित करा. दहा हजाराला पाच लिटर तेल "नॉर्मल"पणे जळणार, आणि मुळात आहे साडेतीन. म्हणजे सर्व्हिसिंगला पोचेल तेव्हा गाडीत उणे दीड लिटर तेल असेल आणि तरीही ती नॉर्मल असेल! ही मर्यादा गाडीची प्रकृती सांगण्यासाठी घातलेली नाही. कंपनीच्या खिशाला हात लागू नये म्हणून घातलेली आहे, असं माझं स्पष्ट मत झालं.

हे दुखणं काही वऱ्हाडी नव्हे. अमेरिकेत सुबारूच्या गाड्या घेतलेल्या लोकांनी २०१४ साली याच कारणासाठी कोर्ट गाठलं आणि २०१६ मध्ये तडजोड होऊन कंपनीला वॉरंटी वाढवून द्यावी लागली. ही हकीकत मी टायवाल्या मुलाला ऐकवली, तेव्हा कुठे तो तेलाची टेस्ट करायला राजी झाला. टेस्ट अशी: तेल वरच्या खुणेपर्यंत भरायचं, डिपस्टिकला आणि तेलाच्या झाकणाला सील लावायचं, हजार किलोमीटर गाडी चालवायची आणि परत येऊन किती कमी झालं ते बघायचं. मध्ये सील तोडलं की टेस्ट रद्द.

"म्हंजे गाडीले बी आचारसंहिता लागली," काकाजी म्हणाले.

तर अशी सीलबंद गाडी घेऊन आम्ही बडनेऱ्याच्या बाहेर पडलो. एप्रिल संपत आला होता, पारा चव्वेचाळिसाच्या पुढे. सौ.ला मी मागच्या काचेतून धुरावर नजर ठेवायचं काम दिलं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, पांढरा म्हणजे पाणी, निळसर म्हणजे तेल, असं समजावून सांगितलं. तिनं लोणीपर्यंत नजर ठेवली आणि मग सांगितलं, "अहो, धूर कुठलाच नाही. पण मागच्या ट्रकवाल्याला वाटतंय मी त्याच्याकडे बघतेय." धूर न दिसण्याचंही कारण आहे. आजकाल सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. थोडंफार तेल तो परस्पर जाळून टाकतो. जुनी गाडी निदान गावभर बोंब तरी मारायची.

काकाजींचं लक्ष रस्त्यावर नव्हतंच. ते डॅशबोर्डकडे बघत होते. "तेलाचा दिवा लागला की सांगतो," म्हणाले. मी म्हटलं, काकाजी, तो दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, दाब आहे की नाही ते सांगतो. दाब गेला म्हणजे पंपाला ओढायलाच काही उरलं नाही. दिवा लागेल तेव्हा तेलाची नव्हे, नव्या इंजिनाची किंमत विचारायची वेळ झालेली असेल.

"मंग तो दिवा कायले ठेवला?"

याचं उत्तर पुस्तिकेत नव्हतं.

तेलाच्या डब्यावर ०डब्ल्यू-२० असं लिहिलेलं असतं, तेही काकाजींना पटत नव्हतं. त्यांच्या काळात तेल कसं, काकवीसारखं जाड! हे आजचं पाण्यासारखं. पातळ तेल इंजिनाला कमी अडवतं, पेट्रोल वाचतं, कागदावर मायलेज वाढतं. म्हणून सगळ्या कंपन्या पातळ तेलाच्या मागे. ०डब्ल्यू-२० मधलं पुढचं शून्य म्हणजे उणे ३५ अंशांतही इंजिन फिरेल, याची हमी. अकोल्यात हा प्रसंग कधी यायचा ते मला सांगता आलं नाही. आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस-सेहेचाळीस अंशांना लोक "आज जरा तापलं" म्हणतात. शून्याखालची सगळी हमी वऱ्हाडात आल्यावर नुसती पडून असते, लग्नात आलेल्या सुटाच्या कापडासारखी.

मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो. गरम झालेल्या इंजिनाला जरा वारा लागावा म्हणून मी बॉनेट उघडलं. वऱ्हाडात उघडं बॉनेट म्हणजे जाहीर निमंत्रण. चहाचे कप हातात घेऊन माणसं जमली.

"काय झालं, भाऊ?"

"तेल पिते."

"नवीच दिसून रायली!"

"नवीच आहे."

"मंग रिंगा गेल्या." हा पहिला. दुसरा म्हणाला, हेड गॅस्केट. तिसऱ्यानं सगळा दोष पेट्रोलमधल्या इथेनॉलवर ढकलला. "वीस टक्के मिसयून रायले ना! ऊस त्याईचा, कारखाने त्याईचे, अन् इंजिन जळते आमचं कपाशीवाल्याचं." यावर चहाच्या टपरीवर पूर्ण एकमत झालं. तेलाच्या तुटीचा इथेनॉलशी संबंध असल्याचं मला काही पटलं नाही, पण दांडेकर समितीनं १९८४ साली विदर्भाचा अनुशेष मोजून दिल्यापासून आमच्या भागात कुठलीही तूट निघाली की तिचा उगम पश्चिमेलाच शोधायची रीत आहे. डिपस्टिकवरची तूट तरी अपवाद कशी असणार?

एक ट्रॅक्टर मेकॅनिक मात्र शहाणा निघाला. इतका वेळ तो गप्प भजी खात होता. त्यानं कागदाला बोटं पुसली आणि सांगितलं, "पिस्टनले तीन रिंगा रायतात. वरच्या दोन दाब धरतात, खालची तेल खरडून खाली लोटते. पैले ते रिंग टाईट राहे. आता मायलेजसाठी ढिली करून ठेवली. तिच्या मागं बारीक छेदं असतात, खरडलेलं तेल त्याच्यातून वापस जाते. त्या छेदात काजळी बसली की रिंग जाम. मंग तेल भितीले तसंच रायते अन् पेट्रोलसंगं जळते." वॉरंटी, कन्झम्प्शन, पॅरामीटर असा एकही शब्द न वापरता त्यानं दोन मिनिटांत जे सांगितलं, ते एसीतल्या मुलानं मला दोन तासांत सांगितलं नव्हतं. मी त्याच्या चहाचे पैसे दिले. भज्यांचे काकाजींनी देऊ दिले नाहीत. म्हणाले, सल्ला एवढा महाग करू नये.

मग काकाजींचा हात सीलकडे गेला.

"काकाजी!"

"पायतो फक्त."

"बघण्यासाठी तोडावं लागतं!"

"अबे, आपली गाडी, आपलं तेल, अन् आपनच पाहाचं नाई?" प्रश्न रास्त होता. गर्दीनंही काकाजींची बाजू घेतली. एकानं तर नखानं सीलची कड उचकटून पाहिली. मी बॉनेट धाडकन लावलं.

गावाबाहेर पडेपर्यंत काकाजी घुश्शात होते. शकुंतला रेल्वेची आठवण निघाली तेव्हा कुठे खुलले. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही नॅरोगेज गाडी ओढणारं वाफेचं इंजिन मँचेस्टरला १९२१ साली घडवलेलं होतं. १९२३ ला रुळावर आलं ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबलं, मग त्या जागी डिझेल इंजिन लागलं. "तो डायवर कुपी घेऊन खाली उतरे," काकाजी सांगू लागले, "सांध्या-सांध्यात तेल सोडे, हात फिरवून पाहे. सत्तर वर्सं चाललं ते इंजिन. त्याले कोनी सील ठोकलं होतं का?"

बोरगाव मंजू मागे पडलं, अकोला आलं. साक्षगंध झकास झालं. आग्रहाचं काय सांगावं? वऱ्हाडात जावयाच्या ताटातली जागा दिसली की तो यजमानाचा अपमान असतो. वांग्याची भाजी, वडे, बुंदी. नको म्हणायला तोंड उघडलं की तिथंच बुंदी. मी हात जोडून उठलो आणि सावलीत जरा आडवा झालो. काकाजी तर बसल्या जागीच घोरायला लागले होते.

निघताना पाहतो तर गाडी लखलखीत. साळ्यानं पोरं लावून धुऊन काढली होती. काचा पुसल्या, डिक्कीत आंब्यांची पेटी ठेवली, पाणी भरलं.

"अन् भाऊजी," तो कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाला, "अंदर दोन कागद चिकटले होते कायचे तं, ते बी काढून टाकले. तेल पाहिलं. थोडं कमी वाटलं. ट्रॅक्टरचा डबा होता घरी, टाकलं दीड-दोन लिटर."

"दीड-दोन?"

"आपल्या घरून गाडी उपाशी जाईन का?"

काकाजींनी डिपस्टिक उपसली. इतक्या तासांची तहान होती. तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर चढलेलं पाहून तेही गप्प झाले. इंजिनात तेल कमी असणं वाईट, तसं जास्त असणंही वाईट. क्रँकशाफ्ट त्या तेलात घुसळायला लागतो, फेस होतो, आणि तो ब्रीदरच्या नळीतून हवेच्या वाटेला जाऊन जळतो. म्हणजे न पिणारी गाडीसुद्धा प्यायला लागते. अकोल्यातच एका गॅरेजवर जादा तेल काढून घेतलं. ते साळ्यानं डब्यात धरून ठेवलं, शेतातल्या बंडीच्या आखाला कामी येईल म्हणून. साळा नाराज दिसला. जावयानं वाढलेलं ताटात टाकलं की यजमान दिसतात तसा.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपात टायवाल्या मुलानं सील नसलेल्या झाकणाकडे बघितलं. या खेपेला त्यानं गाडीकडे बघितलं, हे नमूद केलं पाहिजे. "सर, टेस्ट रद्द. सगळं तेल बदलावं लागेल, चार्जेबल. आणि पुन्हा शून्यापासून हजार किलोमीटर."

मी कपाळाला हात लावला. सौ. मात्र प्रसन्न होती. "होतील की हो. बस्ता अकोल्यालाच फाडायचाय, एक येणं-जाणं ते. मग मुहूर्ताची बैठक. हळद, लग्न. लगेच मांडव-परतणी. राहिले तर वहिनीच्या गुडघ्याला बघायला जायचंच आहे." हजाराची बेरीज तिनं तोंडी करून दिली, आणि ती संगणकापेक्षा लवकर झाली.

मुलानं नव्या सीलचे दोन कागद काढले. काकाजींनी त्याचा हात धरला.

"बाबू, या खेपेले तिथं नको लावू," ते म्हणाले. "ह्याच्या साळ्याच्या हाताले लाव."