साठ लिटरचा अरबी समुद्र

खानदेशाला समुद्र नाही, ही उणीव आता दिवाणखान्यात भरून निघते. ६० लिटरची काचेची टाकी, लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम खास मीठ, की झाला अरबी समुद्र तयार. मासे किती सोडायचे? जाणकार म्हणतात, क्लाऊनफिशची एक जोडी, फार तर एखादा चिमुकला गोबी. पण जळगावात पंगतीला दोनच पानं मांडायची म्हणजे घराण्याची अब्रू गेली! मग सात-आठ सोडले जातात, तेही टाकी आणली त्याच संध्याकाळी. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू रुजायला महिना-दीड महिना लागतो. तेवढा धीर कुणाला?

पुढे मे उजाडतो. माशांना हवे २५-२६ अंश, बाहेर पारा ४५वर. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यात वीज जाऊन पंप बंद. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज गोडं पाणी ओतायचं. धुळेकर मात्र नळाच्या पाळीकडे डोळे लावून बसलेला.

तेव्हा भाऊ, लिटर मोजू नका. नळाला पाणी किती दिवसांनी येतं आणि वीज किती तास जाते, ते मोजा. उत्तर बहुधा शून्य येईल. तेवढे मासे आपल्याकडे अगदी सुखात जगतात.