चौथे सभासद

मराठवाड्यातल्या मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय २ सप्टेंबर २०२५ ला निघाला. त्यात गावपातळीवर तिघांची समिती नेमली: ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी. सिरसाळ्यात या समितीला चौथा सभासद आहे. त्याचं नाव छापायचं राहून गेलं, असं त्याचं स्वतःचं म्हणणं. गाव त्याला नाना म्हणतं.

असा एकेक नाना आता मराठवाड्यातल्या प्रत्येक बाजाराच्या गावात सापडेल. ही जात जन्माला घातली ती २०२३ नं. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती निजामकालीन कागद धुंडाळू लागली, पार हैदराबादपर्यंत गेली, आणि इकडं घराघरात ट्रंका उघडल्या. आमचे नाना तेव्हा 'कुणबी' एवढा एकच शब्द शोधायला तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये शिरले. तो शब्द सापडला की नाही, हे आता ते सांगत नाहीत. विचारलं तर खासरा पत्रकावर बोलतात.

खिशात भिंग, बगलेत झेरॉक्सची फाईल. इंग्रजी साल ते पाळत नाहीत. "फसलीत ५९० मिळवा, झालं तुमचं इसवी," असं किराणा दुकानदारालासुद्धा समजावतात. नातीच्या लग्नाचं सालही त्यांनी व्याह्यांना फसली १४३४ असंच सांगितलं. व्याह्यांना वाटलं, लग्न पुढं ढकललं.

उर्दू वाचता येत नाही, ही नानांची एकच अडचण. ती त्यांना मान्य नाही. मदतीला उर्दू शाळेतले निवृत्त मास्तर असतात. मास्तर अर्धी ओळ वाचतात, नाना तिच्यावर अर्धा तास बोलतात. उर्दूत ळ नाही, ऱ्हस्व स्वरांच्या खुणा लिहायची रीत नाही. त्यामुळं आपलं गाव कधी 'सरसाला' वाचलं जातं, कधी 'सुरसाला'. मास्तर अडखळले की नाना भिंग लावून, कागद उलटा धरून, निकाल देतात, "आपलंच हाय. लिहा." अंबाजोगाईचे कागद हवे असतील तर मोमिनाबादच्या नावानं मागायचे, ही गोष्ट मात्र त्यांना पक्की ठाऊक. त्या एका माहितीवर त्यांनी तालुक्यात नाव कमावलं.

पूर्वी नाना दिसले की रेकॉर्ड रूममधला कारकून जेवायला जायचा, सकाळी अकरा वाजतासुद्धा. आता तोच फोन करून बोलावतो. कोणत्या कपाटात कोणत्या साली पाणी शिरलं, कोणत्या रुमालात दुसऱ्याच गावचं सेतवार बांधून ठेवलंय, हे नोंदवहीत कुठं लिहिलेलं नाही. ते नानांच्या डोक्यात आहे. एका विधवेच्या सासऱ्याचं नाव खासऱ्यात मिळत नव्हतं, सगळ्यांनी हात टेकले होते. नानांनी शेजारच्या गावाचा गठ्ठा सोडायला लावला आणि त्यातून पान काढून दिलं. पैसे घेतले नाहीत. त्या बदल्यात तिच्या दिराला दोन तास ऐकून घ्यावं लागलं.

त्रास वेगळाच आहे. गाव नमुना १४, म्हणजे बोलीतलं कोतवाल बुक, हे नानांचं आवडतं वाचन. त्यात जन्म असतो, मरण असतं आणि मरणाचं कारणही. एका लग्नात पंगत बसली असताना नानांनी नवरदेवाच्या चुलत्याला विचारलं, "तुमचे आजे पटकीनं गेले ना?" पाहुण्याच्या हातातली जिलबी तशीच राहिली. नानांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या लेखी ती ओळखच होती.

आता घराण्याची गोष्ट. "निजामानं आमाला इनाम दिलतं," हे नाना लहानपणापासून ऐकत आले. इनामाचा मुंतखब, म्हणजे मंजुरीचा कागद, मिळावा म्हणून त्यांनी गठ्ठ्यामागून गठ्ठे सोडवले. मुंतखब मिळाला नाही. मिळाली ती वसूल-बाकीची यादी. मास्तरांनी हळूच वाचलं: पंजोबा, बाकीदार. पुढचं साल, बाकीदार. त्याच्या पुढचं, बाकीदारच. त्या दिवशी नाना कुणाशी बोलले नाहीत, म्हणून गावानं त्यांची तब्येत विचारली. दुसऱ्या दिवशी ते झेरॉक्सला प्लॅस्टिक घालूनच स्टँडवर आले. "बाकी कुनाच्या नावावर लिहितेत? ज्याला जमीन हाय त्याच्याच ना! भिकाऱ्याची बाकी निजाम कामून लिहील?"

तेव्हापासून ज्यांच्या पंजोबाची बाकी सापडत नाही, त्यांच्याकडं नाना जरा दयेनं बघतात. एकदोघांनी तर गुपचूप विचारलंय, आमचीबी थोडी कुटं निघती का बगा.

तुम्हाला जुना कागद काढायचा असेल तर गावाचं जुनं नाव, फसली साल आणि पंजोबाचं बापासकट नाव लिहून घ्या, आणि नानांना खुशाल सोबत न्या. सोयरिकीच्या बैठकीला तेवढं नेऊ नका.